लाकडी होडीच्या तळाला कोणता रंग द्यावा? जुने डांबर आणि शेवाळविरोधी रंगाविषयी शंका

खाडीकाठ_देवगड:
आमच्याकडे सागवानी फळ्यांची यांत्रिक होडी आहे. पाण्यालगतची लांबी साधारण ८.५ मीटर, रुंदी २.४ मीटर आणि पाण्याखालची खोली ०.८ मीटर. ही होडी वर्षातले दहा महिने खाडीत नांगरलेली असते. आधीच्या मालकांनी तळाला दरवर्षी डांबर फासले होते. गेल्या वर्षी मी ओळखीच्या रंगाऱ्याकडून तळाला तांबडा रंग देऊन घेतला, परंतु नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटल्यापासून तीन महिन्यांच्या आत तळावर कवचांचा जाड थर बसला आणि डिझेलचा खर्च लक्षात येण्याइतका वाढला. नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या, एका फळीला टाचणीएवढी छिद्रेही दिसली आहेत. १ जूनपासून मासेमारी बंद होईल, तेव्हा होडी वर ओढायची आहे. कोणता रंग घ्यावा, डांबर काढावेच लागेल का आणि किती लिटर रंग लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_तांडेल:
आपल्या रंगाऱ्याने बहुधा रेड ऑक्साइड लावला असावा. तो लोहाचा गंजरोधक प्रायमर आहे आणि सागरी जीवांना तो मुळीच रोखत नाही. शेवाळविरोधी रंगात क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचे संयुग असते आणि तेही तांबडेच दिसते, त्यामुळे किनाऱ्यावर ही गल्लत नेहमी होते. डब्यावर घटकद्रव्ये वाचल्याशिवाय रंग घेऊ नये.

टाचणीएवढ्या छिद्रांकडे मात्र रंगाच्या आधी लक्ष द्यावे. टेरेडो हा लाकूड पोखरणारा जीव लहानपणीच फळीत शिरतो आणि आत वाढत राहतो. बाहेरचे छिद्र तेवढेच राहते, पण फळी आतून पोकळ झालेली असते. हातोडीने ठोकत जावे. जिथे आवाज बद्द येईल तिथे टोचून पाहावे आणि फळी खराब निघाली तर बदलावी. पोखरलेल्या फळीवर कितीही महागडा रंग लावला तरी तो वायाच जातो.

टेरेडो शिरण्याची नेहमीची जागा म्हणजे पठाणाचा (तळाच्या मधल्या कण्याचा) खालचा भाग आणि होडी ज्या ओंडक्यांवर टेकलेली असते तिथला पट्टा, कारण कुंचला तिथे पोहोचत नाही. पहिला हात वाळला की ओंडके सरकवून ते पट्टे रंगवलेच पाहिजेत. माझ्या पाहण्यात जेवढ्या होड्या किडल्या, त्यांतल्या बहुतेक तिथूनच किडल्या.

रंगरसायन:
डांबराविषयी लिहितो. शेवाळविरोधी रंगातील द्रावक डांबराला विरघळवतो, तपकिरी डाग वर येतात आणि रंगाचा थर मऊच राहतो, म्हणून तो थेट डांबरावर लावू नये. सैल झालेले, भेगाळलेले डांबर खरवडून लाकडापर्यंत जाणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. घट्ट चिकटलेला थर निघतच नसेल तर रंगाच्या उत्पादकाने डांबरासाठी सुचवलेला टाय कोट, म्हणजे दोन थरांना जोडणारा हात, मध्ये द्यावा आणि आधी एक हातभर जागेवर लावून आठवडाभर पाहावे.

रंगाचा प्रकार निवडताना होडीची हालचाल लक्षात घ्यावी. कठीण थराच्या रंगातून तांबे झिरपून निघून जाते आणि रिकामा झालेला थर तसाच उरतो, म्हणून दरवर्षी नवे हात देता देता तो जाड होऊन पोपडे धरतो. स्वतः झिजणारा रंग पाण्याच्या घर्षणाने पातळ होत जातो व सतत ताजा पृष्ठभाग उघडा ठेवतो. आपली होडी दहा महिने पाण्यात राहणारी आणि नियमित फिरणारी असल्यामुळे मी झिजणारा रंगच सुचवीन. एक अपवाद सांगतो: तळ ॲल्युमिनिअमचा असेल तर तांब्याचा रंग अजिबात चालत नाही, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संपर्काने ॲल्युमिनिअम गळते.

अंदाजापुरता हिशेब असा करता येतो: लांबी गुणिले रुंदी व खोली यांची बेरीज, म्हणजे ८.५ × ३.२ = सुमारे २७ चौरस मीटर. रंगातील घन भाग ५० टक्के आणि सुक्या थराची जाडी ५० मायक्रॉन धरली तर एक लिटर कागदावर १० चौरस मीटर पुरतो, परंतु लाकडावर कुंचल्याने ७ धरणे शहाणपणाचे. दोन हातांना सुमारे ८ लिटर आणि पाण्याच्या रेषेला, नाळेला व सुकाणूला तिसरा हात, असे मिळून १० लिटर घ्यावेत. तांब्याचा साका डब्याच्या तळाशी बसतो, म्हणून तळ खरवडून नीट ढवळावे आणि जास्त पुरावा म्हणून थिनर घालून रंग वाढवू नये.

जुना_तांडेल:
वेळेबाबत एक भर घालतो. जुलैत कोकणातील हवा इतकी दमट असते की प्रायमर नीट धरत नाही. ८५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत रंगकाम टाळावे, असे बहुतेक डब्यांवर छापलेलेच असते. १ जूनची वाट न पाहता शक्य असल्यास मेच्या मध्यालाच होडी वर घ्यावी आणि कवचे ओली असतानाच गोड्या पाण्याने धुऊन खरवडावीत, कारण वाळल्यावर ती दगडासारखी होतात. फळ्या पुरेशा सुकल्यावर सांध्यांतील कापूस व राळ तपासून पाऊस लागण्याआधी प्रायमर उरकावा. शेवटचे दोन हात झापाच्या आडोशाला, जुलैअखेरच्या उघडिपीत द्यावेत आणि डब्यावरील मुदतीत होडी पाण्यात लोटावी.

रंगरसायन:
मी मात्र सगळेच हात मेमध्ये द्यावेत या मताचा आहे, कारण जुलैअखेरची उघडीप दरवर्षी मिळतेच असे नाही. फक्त रंग किती आठवडे कोरडा राहू शकतो ते डब्यावर पाहावे. काही रंग याला चालतात, काही नाही.

जुना थर कोरडा घासू नये. तांब्याची धूळ श्वासात जाते, म्हणून ओला घासकागद, मुखपट्टी व हातमोजे वापरावेत. खरवडलेला चुरा ताडपत्रीवर गोळा करावा, खाडीत ढकलू नये. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात होड्यांच्या रंगातील ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या विषारी संयुगामुळे कालवांची शेती बुडाली होती. तिथे १९८२ मध्ये लहान होड्यांवर त्या रंगाला बंदी आली आणि जागतिक पातळीवरील करार २००८ मध्ये लागू झाला. आपल्याही खाडीत कालवे आहेत.

खाडीकाठ_देवगड:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. होडी १५ मेच्या सुमारास वर घेतो आणि नाळेजवळची फळी आधी ठोकून पाहतो. आणखी एक विचारतो, मधल्या काळात तळाची स्वच्छता कशी करावी?

जुना_तांडेल:
दर सहा-आठ आठवड्यांनी उधाणाच्या ओहोटीला होडी वाळूवर टेकवून मऊ स्पंजाने बुळबुळीत थर पुसून घ्यावा. पत्र्याने खरवडलेत तर झिजणारा रंगच निघून जाईल. पंख्याजवळच्या जस्ताच्या तुकड्यांवर मात्र रंग लावू नये. ते उघडे राहिले तरच झिजतात आणि धातू वाचवतात. अर्धे झिजले की बदलावेत.