तातडीचं: ऋतुजाचं शुक्रवारचं विमान, शाळेचं कॉन्ट्रॅक्ट थाईत आहे, कुणी वाचून देईल का?

प्रेषक: सुनीता (ऑन नुत)
सोमवार, २१ एप्रिल २०२५, रात्री ९.५०

मंडळी नमस्कार,

माझी भाची ऋतुजा, साताऱ्याची. एम. ए. इंग्रजी, बी. एड., तीन वर्षं तिकडच्या शाळेत शिकवतेय. तिला नोंथाबुरीच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली आहे, एजन्सीमार्फत. शुक्रवारी पहाटे मुंबईहून विमान आहे.

कॉन्ट्रॅक्ट काल रात्री हातात आलं. दोन पानं इंग्रजी, दोन थाई. इंग्रजीत महिना २२,००० बाट लिहिलंय. थाई पानांवर हा आकडा मला कुठेच सापडत नाही. उलट २२० आणि ३०,००० असे दोन आकडे आहेत, जे इंग्रजीत नाहीत. मला थाई बोलता येतं, वाचता येत नाही. पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

व्हिसाबद्दल एजंट म्हणतो, भारतीयांना ६० दिवस व्हिसा लागत नाही, तसंच या, पुढचं आम्ही इथे करून देऊ. डिग्रीची मूळ प्रत बरोबर आणायला सांगितली आहे, ती त्यांच्या ऑफिसात राहील म्हणे. फी ४५,००० रुपये, त्यातले २०,००० भरून झालेत.

ताई (ऋतुजाची आई) दिवसातून चार वेळा फोन करतेय. प्लीज कुणीतरी बघा.

---

प्रेषक: अविनाश (बांग ना)
सोमवार, रात्री १०.३५

सुनीता, घाबरू नकोस. मी २००९ मध्ये असाच आलो होतो, आधी प्रवेश, मग कागद. देशात राहून नॉन-बी (नोकरीसाठीचा व्हिसा) करून घेता येतो, चेंग वत्थानाच्या इमिग्रेशनला. २,००० बाट फी, आणि मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक हवेत, एवढीच अट. यात बेकायदा काही नाही. आपल्या लिस्टवरच्या निम्म्या लोकांनी असंच केलंय.

मुलगी शिकलेली आहे, येऊ दे. इथे आपण सगळे आहोत ना.

---

प्रेषक: प्रमोद (लिस्ट व्यवस्था)
मंगळवार, सकाळी ६.१५

सर्वांना विनंती. नोकरीविषयक मेल आपल्या मराठी मंडळाच्या या लिस्टवर टाकायचे नाहीत असं गेल्या वर्षीच्या सभेत ठरलं होतं. त्या रेस्टॉरंटच्या प्रकरणात मंडळाचं नाव कुठे कुठे गेलं ते सगळ्यांना आठवत असेल. सुनीताताईंची अडचण खरी आहे म्हणून हा मेल राहू देतो, पण सल्ला देणाऱ्यांनी तो व्यक्तिशः द्यावा, मंडळाच्या वतीने नाही.

१ मेच्या जेवणाची नावं गुरुवारपर्यंत हवीत. पाडव्याचा कार्यक्रम भूकंपामुळे रद्द झाला, त्याचं आगाऊ भाडं हॉलवाल्याने याच दिवसासाठी धरलं आहे.

---

प्रेषक: अमोल (रांगसित)
मंगळवार, सकाळी ७.०५

अविनाशदादा, २००९ आणि आज यात फरक आहे. गेल्या महिन्यात १० आणि ११ मार्चला हवाई दलाच्या विमानांनी म्यानमारच्या सीमेवरच्या मे सोतहून ५४९ भारतीय परत नेले. त्यांना म्यानमारच्या म्यावड्डीत डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं होतं. अशा लोकांना बहुतेक वेळा थायलंडमधली नोकरी म्हणूनच आणतात. सुनीतामावशी, शाळा खरी आहे का ते आधी बघा. विमानतळावर गाडी कोण पाठवणार, कुठे नेणार, हे विचारा. नोंथाबुरी तर बँकॉकला लागूनच आहे. गाडी ताक प्रांताच्या, म्हणजे मे सोतच्या रस्त्याला लागली तर समजून जायचं.

---

प्रेषक: वर्षा (थोंग लो)
मंगळवार, सकाळी ८.२०

आमची चार नावं, त्यातली दोन जैन जेवणाची. कांदा-लसूण वेगळं ठेवणार का?

अमोल, सातारच्या त्या माउलीने हे वाचलं तर तिचा जीव अर्धा होईल. जरा बघून लिही.

---

प्रेषक: मेधा (लाट फ्राव)
मंगळवार, सकाळी ११.४०

सुनीता, मी मधल्या सुट्टीत लिहितेय, थोडं लांबेल.

म्यावड्डी बाजूला ठेव. शाळा नव्वद टक्के खरी असणार. माझी भीती वेगळी आहे, खऱ्या शाळेतली.

अविनाशदादा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. देशात राहून व्हिसा बदलता येतो. पण वर्क परमिट हातात येईपर्यंत वर्गात उभं राहता येत नाही, आणि एजन्सी नेमकं तेच करायला लावते. हिशोब बघ. २५ एप्रिलला उतरली तर ६० दिवस २३ जूनला संपतात. १५ दिवस शिल्लक हवेत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे कागद तयार लागतात. शाळा मात्र १६ मेला उघडते. ते मधले तीन-चार आठवडे तिला घरी बसवून पगार देतील असं कुणाला वाटतं?

मी २०१२ मध्ये कोराटला होते. एजन्सीच्याच शाळेत, टूरिस्ट व्हिसावर. कागद 'वर गेलेत' असं चार महिने ऐकलं. व्हिसासाठी दोनदा नोंग खायवरून लाओसला जाऊन आले, तिकीट माझ्याच पैशाने. जूनमध्ये एका सकाळी सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर भूतकाळाची क्रियापदं लिहीत होते. दारात उपमुख्याध्यापिका आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, बॅग घ्या, मागच्या गेटने जा. तपासणीला माणसं आली होती. शाळेमागे नूडल्सची टपरी होती, तिथे प्लास्टिकच्या लाल स्टुलावर दुपारी तीनपर्यंत बसले. बॅगेत मुलांच्या छत्तीस वह्या होत्या. हातांना खडू तसाच होता. टपरीवाल्या बाईंनी दोनदा पाणी आणून दिलं, काही विचारलं नाही. महिनाअखेरीस त्या दिवसाचा पगार कापलेला होता, 'गैरहजर' म्हणून.

त्यानंतर मी परमिटचा लकडा लावला, तर दुसरी शिक्षिका बघतो म्हणाले. दोन महिन्यांचा पगार आजपर्यंत मिळालेला नाही. तक्रार करायला जायची माझी छाती झाली नाही, कारण परमिटशिवाय काम करत होते ती मीच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय काम करणाऱ्याला ५,००० ते ५०,००० बाट दंड, हद्दपारी आणि पुढची दोन वर्षं परमिट नाही. मालकाला दर माणसामागे १०,००० ते १,००,००० दंड. मालक तो भरतो आणि सोमवारी पुन्हा शाळा उघडतो. आपण विमानात असतो.

एजन्सीचं सगळं बळ यातच आहे. पगार कापला, जास्त तास दिले, दुसऱ्याच शाळेत पाठवलं, तरी बाई बोलणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

म्हणून माझं म्हणणं, तिला शुक्रवारी बसवू नकोस. नॉन-बी तिकडूनच काढू दे. १ जानेवारीपासून भारतातून तो अर्ज ऑनलाइनच करायचा असतो, साताऱ्यातून होईल. त्यासाठी शाळेची पत्रं लागतात आणि खासगी शाळा असेल तर खासगी शिक्षण आयोगाच्या कार्यालयाचं पत्रही. खरी शाळा ही पत्रं देते. जी देत नाही तिने ती मागितलेलीच नसतात. पोलिसांचा दाखला साताऱ्याहून आत्ताच काढायला टाका, त्याला वेळ लागतो. टोइकची (इंग्रजीची) परीक्षा दिली आहे का तिने? ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्याकडे ६०० गुण मागतात. एजंट 'गरज नाही' म्हणाला असेल तर तिथेच ओळख.

आणि डिग्रीची मूळ प्रत कुणाकडे ठेवायची नाही. दाखवायची, झेरॉक्सवर सही करायची, परत बॅगेत. पासपोर्टचंही तेच.

शाळेचं नाव मला वेगळं कळव. मी दुपारी थेट शाळेत फोन करते, एजन्सीला नाही.

---

प्रेषक: अविनाश
मंगळवार, दुपारी १२.१०

मेधाताई, तुमच्यावर बेतलं ते वाईट झालं. पण सगळ्याच एजन्सी तशा नसतात, आणि मी कुठे काम करायला सांगितलं? येऊन कागद करा म्हणालो. तिकीट फुकट घालवून मुलीला घरी बसवली आणि जागा दुसऱ्याला गेली तर ताईंना काय सांगणार? इकडे मे महिन्यात शिक्षकांची किती ओढाताण असते ते तुम्हालाच माहीत.

माझ्या वेळी कंपनीने परमिट येईपर्यंत खरंच घरी बसवलं होतं, अर्ध्या पगारावर. पाच आठवडे मी टीव्ही बघून थाई शिकलो.

---

प्रेषक: मेधा
मंगळवार, दुपारी १२.२५

दादा, ती कंपनी होती, कारखाना होता, आणि त्यांना इंजिनिअर दहा वर्षांसाठी हवा होता. इथे एजन्सीला १६ मेला वर्गात एक चेहरा हवाय.

---

प्रेषक: नीलिमा (सथोन)
मंगळवार, दुपारी ४.००

सुनीताताई, दोन्ही थाई पानं वाचली. मी वकील नाही, लॉ फर्ममध्ये भाषांतरं करते, त्यामुळे फक्त काय लिहिलंय तेवढं सांगते.

पहिलं. इंग्रजीत मालक म्हणून शाळेचं नाव आहे. थाईत शाळा कुठेच नाही. तिथे एक कंपनी आहे, पत्ता समुत प्राकानचा.

दुसरं. थाईत महिन्याचा पगार नाही. २२० बाट हा तासिकेचा दर आहे, शिकवलेल्या तासिकेचाच. ऑक्टोबरची सुट्टी, मार्च-एप्रिल, सणवार, परीक्षेचे दिवस, सगळे बिनपगारी.

तिसरं. ३०,००० बाट हा दंड आहे, मुदतीआधी सोडलं तर. कंपनीने काढलं तर मात्र ती काही देणं लागत नाही.

चौथं, आणि मला हे सगळ्यात खटकलं. कराराला 'चांग माओ' म्हटलं आहे. म्हणजे ऋतुजा कर्मचारी नाही, काम अंगावर घेणारी. सामाजिक विमा नाही, रजा नाही, काढल्यावर भरपाई नाही.

शेवटची ओळ: दोन भाषांत फरक आढळल्यास थाई मजकूर ग्राह्य.

---

प्रेषक: शरदकाका (प्रखनोंग)
मंगळवार, सायंकाळी ५.३०

नीलिमा, 'चांग माओ'ला आपल्याकडे नेमका शब्द आहे: उक्तं. शेताची कापणी उक्ती देतात ना, एकदा ठरलं की किती दिवस लागले, कोण आजारी पडलं, मालकाला देणंघेणं नाही. शिक्षिकेला उक्त्यावर ठेवणं ही कल्पनाच सहन होत नाही. मी चाळीस वर्षं वाईत मास्तरकी केली.

आणि प्रमोद, हे विषय लिस्टवर नाहीत तर कुठे करायचे? नाटकाची तिकिटं आणि मोदकाच्या ऑर्डरी एवढ्यासाठीच मंडळ आहे का?

---

प्रेषक: प्रमोद
मंगळवार, रात्री ८.००

काका, मी मेल काढलेला नाही. नियम सभेने केला आहे, बदलायचा तर सभेत बदलू. जूनच्या सभेच्या विषयपत्रिकेत घेतो, हे माझ्याकडून नक्की.

---

प्रेषक: अमोल
मंगळवार, रात्री ८.४५

माझ्या सोसायटीत दोन फिलिपिनो शिक्षिका आहेत, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, शाळेत आत्ता काम करणाऱ्या परदेशी शिक्षकाचा नंबर मागा आणि त्याला दोनच गोष्टी विचारा: तुझ्या परमिटवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे, आणि एप्रिलचा पगार मिळाला का. त्यांच्यातल्या एकीच्या पगारातून वर्षभर ५ टक्के 'प्रकान सांगखोम' (सामाजिक विमा) कापत होते. दवाखान्यात गेल्यावर कळलं, भरलेच नव्हते.

अजून एक. भारतात परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर यादी आहे. नोंदणी असलेल्यालाही ३०,००० रुपये आणि जीएसटी याच्यावर फी घेता येत नाही. ४५,००० म्हणजे हिशोब तिथेच चुकला.

---

प्रेषक: मेधा
बुधवार, दुपारी १.१५

सुनीता, शाळेशी बोलणं झालं. इंग्रजी विभागाच्या प्रमुख बाई भल्या आहेत. त्यांनी एजन्सीकडे एक शिक्षिका मागितली आहे हे खरं, पण ऋतुजाचं नावही त्यांना माहीत नव्हतं. शाळा एजन्सीला महिन्याला किती देते तेही त्यांनी सांगितलं, आकडा इथे लिहीत नाही, पण तासिकेच्या हिशोबाच्या दुपटीहून जास्त आहे.

मी विचारलं, थेट घ्याल का? म्हणाल्या, या वर्षीचा करार एजन्सीशी झालाय, मोडता येत नाही. पण त्यांच्या बहिणीच्या शाळेत, पाथुम थानीला, नोव्हेंबरच्या सत्रासाठी जागा आहे. तिथे शाळा स्वतः नेमते आणि खुरुसफाच्या (थाई शिक्षक परिषदेच्या) दोन वर्षांच्या तात्पुरत्या परवानगीचा अर्जही शाळाच करते. त्यांना ऋतुजाचा बायोडेटा आणि पाच मिनिटांचा शिकवतानाचा व्हिडिओ हवाय.

---

प्रेषक: सुनीता
बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार.

नीलिमाचं भाषांतर ऋतुजाला पाठवलं. तिने एजंटला सरळ विचारलं की थाई पानावर कंपनीचं नाव का. तो म्हणाला, ती फॉर्मॅलिटी आहे, इंग्रजी धरा. हे मेलवर लिहून द्या म्हटल्यावर फोन ठेवला. नंतर तासाभराने मेसेज, की शुक्रवारी आली नाही तर २०,००० परत मिळणार नाहीत.

तिकीट रद्द केलं. विमान कंपनीने निम्मे पैसे कापले. ताई रडली, मग म्हणाली पोरगी घरात आहे ना, बास. एजंटचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत नाही, अमोल. ऋतुजा आणि तिचे बाबा उद्या पावत्या घेऊन पोलिसांकडे जाणार आहेत.

अविनाशदादा, तुम्ही दुपारी फोन करून तिकिटाचे पैसे देऊ केलेत ते ताईला सांगितलं. तिने नमस्कार कळवलाय.

मेधा, व्हिडिओ रविवारपर्यंत पाठवते म्हणाली. थाई मुलांना सुरुवातीला कुठले उच्चार जड जातात ते तिने विचारलंय, तुझा नंबर दिला तर चालेल का?

प्रमोदभाऊ, १ मेला आमची तीन नावं.