आईचं इस्ट्राडायॉल एका लॅबमध्ये ५८, दुसरीत २३१. गोळीचा डोस जास्त होतोय का?

नौपाड्याची लेक
नमस्कार. आईचं वय ५४, पाळी जाऊन ३ वर्षं झाली, गर्भाशय आहे. ४ महिन्यांपासून रोज रात्री १० वाजता इस्ट्राडायॉल व्हॅलरेट (इस्ट्रोजेनची गोळी) २ मिग्रॅ आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० मिग्रॅ चालू आहे. गरम वाफा आणि रात्रीचा घाम जवळजवळ गेला. काकूने आग्रह केला म्हणून हार्मोन तपासले. नौपाड्यात घरी येऊन सकाळी ८ ला रक्त नेलं, इस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) ५८, एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) ३८. पंधरा दिवसांनी ती वाशीला मावशीकडे होती, तिथल्या लॅबमध्ये दुपारी १२ ला रक्त दिलं, तर इस्ट्राडायॉल २३१. दोन्ही रिपोर्टवर 'जास्त' अशी खूण आहे. थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी जुनीच आहे, पण टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की वाढतं) नेहमी २ ते ३ असायचं ते आता ६.१ झालं. इस्ट्रोजेन चौपट वाढलं असं समजायचं का? गोळी अर्धी करावी का? आणि थायरॉइडचा याच्याशी संबंध आहे का?

बायोकेम, नेरुळ
गोळी अर्धी करू नका. आधी दोन्ही रिपोर्टवर आकड्यापुढचं एकक वाचा. माझा अंदाज, नौपाड्याचा आकडा पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरमध्ये आहे आणि वाशीचा पिकोमोल प्रति लिटरमध्ये. १ पिकोग्रॅम प्रति मिली म्हणजे ३.६७ पिकोमोल प्रति लिटर. २३१ ला ३.६७ ने भागलं की ६३ येतात. ५८ आणि ६३ मध्ये काहीच फरक नाही, एकाच नळीतलं रक्त दोन मशीनवर लावलं तरी एवढा फरक पडतो.

'जास्त' ही खूण येते कारण रिपोर्टवर छापलेली मर्यादा पाळी गेलेल्या आणि हार्मोन न घेणाऱ्या बायकांची असते. आई गोळी घेते म्हटल्यावर आकडा त्या मर्यादेच्या वर जाणारच. २ मिग्रॅ व्हॅलरेटवर साधारण ३० ते ६०-७० पिकोग्रॅम दिसतात, काहींना याहून बरेच जास्त. गोळी घेतल्यावर ४ ते ९ तासांत पातळी सर्वांत वर असते आणि २४ तासांनी त्याच्या निम्म्यावर येते. म्हणजे रात्री १० ची गोळी आणि सकाळी ८ चं रक्त हे शिखर नुकतं उतरतानाचं मोजमाप झालं. दोन रिपोर्टांची तुलना करायची असेल तर लॅब तीच, गोळीनंतरचे तास तेवढेच. रक्त घ्यायला येणाऱ्याला शेवटच्या गोळीची वेळ फॉर्मवर लिहायला सांगा. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि मग रिपोर्टचा अर्थच लावता येत नाही.

एक विचारते, आई केसांसाठी बायोटिनची गोळी घेते का?

गायनॅक, ठाणे
एककाचं वरचं बरोबर आहे. मी पुढे जाऊन सांगते की तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्या बाईचा डोस रक्तातल्या इस्ट्राडायॉलवर ठरवायचाच नसतो. गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते आणि तिथे इस्ट्राडायॉलचा मोठा भाग इस्ट्रोन (इस्ट्रोजेनचा सौम्य प्रकार) आणि इस्ट्रोन सल्फेट होऊन बाहेर पडतो. रक्तात इस्ट्रोन इस्ट्राडायॉलच्या चार-सहा पट असतं. ते साठ्यासारखं राहून शरीर त्यातूनच पुन्हा थोडं इस्ट्राडायॉल बनवतं. तुमच्या रिपोर्टमध्ये या साठ्याचा पत्ताच नाही. कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन किंवा टिबोलोन (याच त्रासासाठीची दुसरी औषधं) घेणारीला तर इस्ट्राडायॉलची तपासणी निरर्थकच, कारण त्यांतले मुख्य घटक तिच्यात मोजलेच जात नाहीत.

एफएसएच ३८ बघून 'डोस कमी पडतोय' असंही म्हणू नका. एफएसएच दाबून ठेवणारं इन्हिबिन अंडाशयातून यायचं, ते पाळीबरोबर गेलं. इस्ट्रोजेनने एफएसएच उतरतं, पण तरुणपणीच्या पातळीला सहसा येत नाही आणि ते आणणं हा उपचाराचा हेतूही नाही. वाफा थांबल्या, झोप लागते, स्तन दुखत नाहीत, रक्तस्राव नाही, तर डोस योग्य आहे.

पातळी कधी बघावी? पुरेसा डोस देऊनही त्रास जराही कमी होत नसेल तेव्हा. मग आधी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा टीबीचं रिफाम्पिसिन चालू आहे का ते विचारायचं. ही औषधं यकृतातली मोडतोड वाढवतात आणि गोळी वाया जाते. सिगारेटनेही तेच होतं.

या रिपोर्टांत खरोखर लक्ष द्यायची गोष्ट टीएसएच आहे. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत थायरॉइड हार्मोन धरून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं. धडधाकट थायरॉइड तेवढं जास्त हार्मोन सोडून भरपाई करतं. पण ज्या बाईची सगळी भिस्त थायरॉइडच्या गोळीवर, तिच्याकडे ती सोय नाही, म्हणून मोकळं टी४ (थायरॉइड हार्मोन, रिपोर्टवर 'फ्री टी४') घटतं आणि टीएसएच चढतं. फ्री टी४ करून घ्या (टोटल टी४ नको, ते या प्रथिनामुळे उगाच वाढलेलं दिसतं) आणि थायरॉइडच्या डॉक्टरांना दाखवा. डोस वाढवला तर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच.

नौपाड्याची लेक
खरंच, वाशीच्या रिपोर्टवर पिकोमोल लिहिलंय! बायोटिन आहे, १० मिग्रॅ, नाश्त्यानंतर. थायरॉइडची गोळी पहाटे ६ ला, लगेच चहा. कॅल्शियम ३ महिन्यांपूर्वी सुरू झालं, तेही सकाळी नाश्त्याबरोबरच.

बायोकेम, नेरुळ
बायोटिनचा घोळ समजून घ्या. अनेक मशीनवरच्या चाचण्या बायोटिनच्याच जोडणीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असेल तर अशा मशीनवर इस्ट्राडायॉल आणि टी४ खोटे जास्त येतात, टीएसएच आणि एफएसएच खोटे कमी. म्हणजे आईचं ६.१ बायोटिनमुळे वाढलेलं नाही. असलंच तर खरं टीएसएच याहून वर असेल. पुढच्या रक्ताआधी पूर्ण ३ दिवस बायोटिन बंद ठेवा. केसांच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते असतं, पाकीट उलटून वाचा.

फार्मासिस्ट, वाशी
कॅल्शियमची वेळ आधी बदला, कारण तेही टीएसएच वाढवतं. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) आतड्यातच अडवतात, मध्ये ४ तास हवेत. थायरॉइडची गोळी ६ ला साध्या पाण्याबरोबर, चहा पाऊण-एक तासाने, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. डॉक्टरांना या दोन्ही गोष्टी सांगा, नाहीतर सगळा दोष इस्ट्रोजेनवर टाकून डोस गरजेपेक्षा जास्त वाढेल.

दुकानात ब्रँड बदलून मिळाला तर स्ट्रिपवर 'व्हॅलरेट' शब्द आहे का बघा. २ मिग्रॅ व्हॅलरेटमध्ये प्रत्यक्ष इस्ट्राडायॉल सुमारे दीड मिग्रॅ असतं. आणि प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते म्हणून बऱ्याच बायका ते मधूनमधून चुकवतात. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन म्हणजे अस्तर वाढत राहणं. गुंगी जास्त वाटत असेल तर कॅप्सूल जेवणाबरोबर न घेता झोपताना घ्यावी, अन्नाबरोबर ती जास्त शोषली जाते.

नौपाड्याची लेक
कॅल्शियम आजपासून दुपारी. मावशी म्हणते जेलवर जा, त्याने थायरॉइडचा प्रश्न मिटेल?

गायनॅक, ठाणे
त्वचेवरचं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालतं, त्यामुळे ते प्रथिन फारसं वाढत नाही. पण फक्त टीएसएचसाठी जमलेला उपचार मोडायची गरज नाही, थायरॉइडचा डोस बदलणं सोपं आहे. ट्रायग्लिसराइड चढे असतील, वजन जास्त असेल किंवा रक्ताच्या गुठळीचा धोका असेल तर मात्र मी स्वतःहून जेल सुचवते, कारण गोळीने गुठळीचा धोका वाढतो आणि जेलच्या नेहमीच्या डोसने तो वाढलेला दिसत नाही. ०.०६ टक्क्यांची जेल २.५ ग्रॅम लावली की १.५ मिग्रॅ इस्ट्राडायॉल होतं. प्रोजेस्टेरॉन तेव्हाही चालूच. आणि गोळीसाठी थायरॉक्सिन वाढवलं असेल, तर जेलवर गेल्यावर ते कमी करावं लागू शकतं, म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच हवंच. जेल लावलेल्या हातातून रक्त देऊ नये, आकडा भलताच वर येतो.

४ महिने झालेत, अजून अधूनमधून डाग दिसले तर चालतं. ६ महिन्यांनंतर दिसले, किंवा बंद झालेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, तर योनीमार्गे सोनोग्राफी. एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत.