विंडसरमध्ये तीन रात्री: कुठल्या वारी जावं, कुठे राहावं?

मुक्काम_हवा:
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इंग्लंडमधल्या विंडसरला तीन रात्री राहायचा बेत आहे. शनिवार-रविवारची गर्दी टाळायची म्हणून सोमवारी दुपारी पोचून गुरुवारी सकाळी निघायचं ठरवतोय. आम्ही दोघं, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि 10 वर्षांची मुलगी. बाबांना गुडघ्यांमुळे जिने आणि चढ झेपत नाहीत. हॉटेल विंडसर कॅसल या राजवाड्याजवळ घ्यावं की टेम्स नदीपलीकडे ईटन गावात? लंडनहून ट्रेनने येणार आहोत.

टेम्सकाठ:
हॉटेलचं नंतर बघू, आधी तारखा बदला. विंडसर कॅसल मंगळवारी आणि बुधवारी बंद असतं. शिवाय तुमचा आठवडा रॉयल अ‍ॅस्कॉटच्या घोडशर्यतींचा दिसतोय. त्या आठवड्याच्या सोमवारी ऑर्डर ऑफ द गार्टर या राजसन्मानाचा सोहळा असतो, त्यासाठीही कॅसल बंद. म्हणजे तीन रात्रींचे पैसे भरून कॅसल बाहेरूनच बघाल. अ‍ॅस्कॉट जेमतेम 10 किलोमीटरवर आहे, त्यामुळे त्या पाच दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव चढे असतात.

जुलैचा पहिला पंधरवडा बघा. इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांना जुलैच्या शेवटी सुट्टी लागते, मग लेगोलँड या मनोरंजन उद्यानाला येणाऱ्या कुटुंबांनी हॉटेलं भरतात. कॅसल आतून बघायला सर्वांत चांगला दिवस गुरुवार. पहारा बदलण्याचा कार्यक्रम मंगळवार, गुरुवार, शनिवार या दिवशी 11 वाजता होतो. मंगळवारी कॅसल बंद, शनिवारी गर्दी. रविवार घेऊ नका, कारण त्या दिवशी कॅसलमधलं सेंट जॉर्जेस चॅपल फक्त प्रार्थनेसाठी उघडं असतं. आठवा हेन्री, पहिला चार्ल्स आणि राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या समाध्या तिथे आहेत. ते चुकलं तर अर्धं कॅसल चुकलं.

राजकीय पाहुणे आले की एरवीही कॅसल बंद ठेवतात. म्हणून आधी रॉयल कलेक्शन ट्रस्टच्या (कॅसलची तिकिटं विकणारी संस्था) साइटवर त्या दिवसाचं तिकीट काढा, आणि हॉटेल विनाशुल्क रद्द करता येईल असंच घ्या.

जुनं_घर:
खोलीबद्दल. कॅसलसमोरच्या जुन्या सरायांमध्ये राहायची हौस सगळ्यांना असते, पण तुमच्या बाबांसाठी तिथे जपून. या इमारती वारसा यादीत असतात, त्यामुळे लिफ्ट बसवणं किंवा खिडक्या बदलणं परवानगीशिवाय होत नाही. परिणामी अरुंद जिने, तिरक्या जमिनी आणि एकपदरी काचा. पूर्वेचा वारा असला की हीथ्रोला उतरणारी विमानं थेट गावावरून जातात, तेव्हा पहाटेची झोप त्या काचांमधून गेलीच समजा.

हॉटेलला ईमेल करून तीन गोष्टी लेखी विचारा: खोलीपर्यंत लिफ्ट जाते का, दाराशी पायऱ्या किती, आणि न्हाणीघरात सपाट जमिनीवरचा शॉवर आहे की टबमध्ये चढून आंघोळ करायची. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि घात तिथेच होतो. टबची कड गुडघ्याएवढी उंच असते. ‘डबल’ म्हणजे एकच पलंग. दोन हवे असतील तर ‘ट्विन’ मागा. पाच जणांना एक खोली सहसा देत नाहीत, दोन शेजारच्या मागा.

ईटन शांत आहे. मधला विंडसर ब्रिज 1970 पासून मोटारींना बंद आहे, त्यामुळे चालायला छान. पण परत येताना कॅसलकडे चढ लागतो. बाबांचा विचार करता विंडसरच्या वरच्या बाजूला, सेंट्रल स्टेशनजवळ राहा.

रूळावरून:
वर ‘सेंट्रल’ म्हटलंय ते मुद्दाम. गावात दोन स्टेशनं आहेत. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून थेट गाडी रिव्हरसाइडला येते, साधारण तासाभरात, पण ते टेकडीच्या पायथ्याशी आहे. लंडनच्याच पॅडिंग्टनहून आलात तर स्लाउला गाडी बदलायची, पुढे 6 मिनिटांत सेंट्रल, आणि बाहेर पडलं की समोर कॅसल. सामान असेल तर स्लाउमार्गेच या. मोठ्यांचं तिकीट ग्रुपसेव्हने काढा. तीन ते नऊ जण एकत्र असतील तर गर्दीची वेळ सोडून सुमारे एक तृतीयांश सूट मिळते.

मोठ्या बॅगा कॅसलमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा निघायच्या दिवशी कॅसल ठेवू नका.

मुक्काम_हवा:
खूप उपयोग झाला. मग जुलै, बुधवार दुपार ते शनिवार सकाळ? चढाचं काय करावं?

टेम्सकाठ:
हे जमतं. बुधवारी संध्याकाळी लाँग वॉक, म्हणजे कॅसलपासून निघणारी सरळ, झाडांनी वेढलेली वाट. कॉपर हॉर्सच्या पुतळ्यापर्यंत एका बाजूने 4 किलोमीटरहून थोडं जास्त आहे, म्हणून मोठ्यांनी सुरुवातीच्या सपाट भागातूनच परत फिरावं. झाडांच्या रांगेतून मागे वळून कॅसल बघायला तेवढं चाललं तरी पुरतं.

गुरुवारी 10 चं तिकीट घ्या. विमानतळासारखी तपासणी असते, त्यामुळे उशिरा आलात तर 11 चा पहारा हुकतो. दाराशीच व्हीलचेअर मागा, आणि स्टेट अपार्टमेंट्ससाठी (कॅसलमधली शाही दालनं) लिफ्ट आहे का ते कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. मुख्य जिना टाळता येतो. ग्रँड व्हेस्टिब्यूल या दालनात टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मुंडकं आहे, 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागलेलं. तिथे थांबा, बहुतेक लोक सरळ पुढे जातात. मुलीला क्वीन मेरीचं बाहुलीघर दाखवा; सगळं 1:12 प्रमाणात आहे.

पाय दुखले तर दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी चॅपलच्या प्रार्थनेला या. ती बहुधा 5:15 ला असते, प्रवेश विनामूल्य, वाट आठव्या हेन्रीच्या दरवाजातून. जुलैमध्ये गायकवृंद सुट्टीवर गेला असेल, तेव्हा चॅपलच्या वेळापत्रकात बघून या. शुक्रवार नदीतल्या बोटीसाठी ठेवा, तिथे चढ नाही.