आबांची हजारेक पुस्तकं, काय करू? मदत हवी आहे
मंडळी, जरा सुचवा. आबा मास्तर होते, आमचं गाव दारव्ह्याकडं, त्यांनी जमवलेली हजारेक पुस्तकं माडीवर पडून आहेत, पोथ्या, नाटकं, जुने दिवाळी अंक, सगळंच. यंदा पावसात माडी गळली अन् खालच्या पेटीले उधई लागली. कडुलिंबाचा पाला टाकून पाह्यला, काहीच फरक नाही. रद्दीवाला किलोच्या भावानं मागून रायला, आई म्हणते हात लावून तर पाय! गावच्या वाचनालयात विचारलं तर कपाटच नाही म्हणे. नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ पासूनचा, तिथं असे जुने अंक घेतात का, कोणाला अनुभव? आधी यादी करून न्यावी का? उधईवाली वेगळी काढलीच आहेत, पण उन्हात किती वेळ ठेवू, कागद आधीच पिवळा होऊन तुटून रायला बाप्पा.