कंपनीच्या सोशल मीडियावर काय जातं ते बोर्ड ठरवतं का?

तिमाही_वाचक:
एका कंपनीचे शेअर्स बरीच वर्षं धरून आहे. निकाल चांगला आला की त्यांच्या पेजवर दिवसभर आकड्यांचे ग्राफिक्स, सीईओचा व्हिडिओ, सगळं असतं. गेल्या वेळी नफा घसरला तर त्या आठवड्यात पेजवर फक्त वृक्षारोपणाचे फोटो! शेअर बाजाराला (एक्स्चेंजला) आकडे दिले होते म्हणजे लपवलं असं नाही म्हणता येणार, पण पेज बघणाऱ्या माणसाला कळलंच नसतं. मला हे फार खटकलं. हे मार्केटिंगवाले परस्पर करतात की बोर्डाला माहीत असतं? आणि इंडिपेंडंट डायरेक्टर, म्हणजे मॅनेजमेंटशी संबंध नसलेले संचालक, जास्त असले तर फरक पडतो का?

आकडेमोड:
एकेक पोस्ट बोर्ड बघत नाही हो, तेवढा वेळच नसतो. बोर्ड पॉलिसी मंजूर करतं, की कंपनीच्या नावाने कोण बोलणार, आकडे असले तर सीएफओ (कंपनीचा वित्तप्रमुख) आणि लीगलने आधी बघायचं का, सीईओचं पर्सनल अकाउंट यात धरायचं का. हा शेवटचा मुद्दा नेटफ्लिक्समुळे ऐरणीवर आला. जुलै २०१२ मध्ये त्यांचे तेव्हाचे सीईओ रीड हेस्टिंग्जनी स्वतःच्या फेसबुकवर लिहिलं की जूनमध्ये लोकांनी नेटफ्लिक्स १ अब्ज तासांहून जास्त बघितलं, आणि ही माहिती कंपनीने दुसरीकडे कुठे दिलीच नव्हती. अमेरिकेच्या एसईसीने (तिथली शेअर बाजार नियामक संस्था, आपल्या सेबीसारखी) चौकशी केली, कारवाई केली नाही, पण एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं की सोशल मीडियावर जाहीर करायला हरकत नाही, फक्त कुठल्या अकाउंटवर बघायचं ते गुंतवणूकदारांना आधी सांगा.

जुना_शेअरहोल्डर:
पण नुसतं आधी सांगून भागत नाही, टेस्लाचं बघा ना. सीईओ मस्कचं ट्विटर बघत जा असं त्यांनी २०१३ मध्येच कळवलं होतं, तरी ७ ऑगस्ट २०१८ ला शेअरमागे ४२० डॉलर देऊन कंपनी प्रायव्हेट करायचं, म्हणजे शेअर बाजारातून काढून घ्यायचं, ट्विट आलं, पैशांची सोय झालीय असंही त्यात होतं, आणि एसईसीचं म्हणणं असं की ट्विट तपासायची काही यंत्रणाच टेस्लाकडे नव्हती. एसईसीबरोबरच्या सेटलमेंटमध्ये (तडजोडीत) मस्क आणि कंपनी दोघांना २-२ कोटी डॉलर दंड, मस्कला चेअरमनपद सोडावं लागलं, दोन नवे इंडिपेंडंट डायरेक्टर आणि त्याच्या बोलण्यावर लक्ष ठेवायला डायरेक्टरांची कमिटी. एवढं होऊन फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने गाड्यांच्या उत्पादनाचा आकडा कोणाला न विचारता ट्विटरवर टाकला आणि काही तासांनी स्वतःच दुरुस्त केला, मग एप्रिलमध्ये कुठल्या कुठल्या विषयांवर आधी वकिलाची परवानगी लागेल त्याची यादीच करावी लागली. माझं मत विचाराल तर इंडिपेंडंट किती आहेत हे मोजू नका, सीईओला 'हे टाकायचं नाही' असं तोंडावर सांगणारं कोणी आहे का ते बघा.

ऑडिट_कमिटी_फॅन:
वरचं पटलं, पण ते चुकीचं काही बाहेर जाऊ नये याबद्दल झालं, मूळ प्रश्न गप्प बसण्याचा आहे ना. अमेरिकेतल्या मोठ्या लिस्टेड कंपन्यांच्या अभ्यासात हेच दिसलंय, बातमी वाईट असली की निकाल ट्विटरवर टाकायचं प्रमाण कमी होतं. बेकायदा नाहीये ते, म्हणून लीगलवाले अडवत नाहीत, आणि मार्केटिंगला तर चांगलंच दाखवायचं असतं, मग उरतं कोण, बोर्डच. निकाल कसाही येवो, त्याच फॉरमॅटमध्ये, त्याच वेळेला पोस्ट जाणार एवढी एक ओळ ऑडिट कमिटीने (हिशेब आणि निकाल तपासणारी बोर्डाची समिती) पॉलिसीत घातली तर हा प्रकार थांबेल. एजीएममध्ये (शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेत) थेट कमिटीच्या चेअरमनला विचारा, मॅनेजमेंटला नको. आणि लेखीच पाठवा, म्हणजे उत्तर टाळायला अवघड जातं.

तिमाही_वाचक:
आत्ताच माझ्या कंपनीची डिस्क्लोजर पॉलिसी (माहिती जाहीर करायचे नियम) उघडून वाचली, सोशल मीडिया हा शब्दच नाहीये त्यात. लेखी प्रश्न तयार करतोय, चांगल्या आणि वाईट तिमाहीतल्या पोस्टचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी जोडणार आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.