मदत हवी आहे: उबुंटू २४.०४ केल्यावर दिसणाऱ्या अनोळखी प्रोसेस

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयातला संगणक उबुंटू (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टम) २२.०४ वरून २४.०४ वर नेला. काम व्यवस्थित चालू आहे, पण सिस्टम मॉनिटरमध्ये प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांची, काही नवी नावं दिसतात आणि ती नीट समजून घ्यायची आहेत.

काहींचा उलगडा झाला. पाइपवायर आणि वायरप्लंबर आवाजाचं बघतात, २२.०४ मध्ये ते काम पल्सऑडिओकडे होतं. टर्मिनलमध्ये चौकोनी कंसात दिसणारे केवर्कर कर्नलचेच (सिस्टमच्या गाभ्याचे), त्यांना हात लावायचा नाही.

खरं अडलंय ट्रॅकर-मायनरपाशी. तो फायलींची सूची बनवतो आणि शोध तिच्यावर चालतो. पण आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ भरपूर आहेत, आणि रॅम ४ जीबीच. सूची पूर्ण झाल्यावर तो शांत होतो, की नवं स्कॅन टाकलं की पुन्हा सगळं वाचत बसतो? सेटिंगमधल्या शोधाच्या जागांतून तेवढाच फोल्डर काढला तर भागेल का? पूर्ण बंद नाही करायचा, मुलं फाइल शोधूनच उघडतात.

दुसरं, सिस्टमडी-ऊमडी. मेमरी फारच कमी पडली की तो चालू असलेला एखादा प्रोग्राम बंद करतो. कुणी वाचत असताना ब्राउझर बंद पडू नये म्हणून स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवावा, की याच्या मर्यादा बदलाव्यात?

सध्या मी टर्मिनलमध्ये ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ या कमांडपुढे प्रोसेसचा क्रमांक देऊन ती कोणत्या सेवेची आहे ते बघतो. याहून चांगली पद्धत असेल तर जरूर सांगा. सरसकट किल (जबरदस्तीने बंद) करा, असा सल्ला मात्र कृपया नको.