रिकाम्या भिंतीसाठी हाताने केलेली सजावट

प्रश्न: बैठकीच्या खोलीतील मोठी भिंत घरातील जुनी वर्तमानपत्रे, उरलेले कापड आणि काचेच्या बाटल्या वापरून कमी खर्चात सजवावी, असे मनापासून वाटते. वस्तू टिकाव्यात आणि भिंत गजबजलेली दिसू नये, यासाठी काय करावे?

उत्तर १: कागदाचा लगदा अवश्य करून पाहावा. कागदाचे कपटे रात्रभर भिजवून वाटावेत, पाणी पिळून त्यात फेव्हिकॉल मिसळावा आणि प्लॅस्टिकने झाकलेल्या उलट्या वाडग्यावर पातळ थर द्यावा; जाड थर आतून ओला राहून त्याला बुरशी लागते, म्हणून पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. कणकेची खळ स्वस्त असली, तरी तिला कीड लागते.

उत्तर २: कापड पुठ्ठ्यावर ताणून चौकटी कराव्यात. खिळे ठोकण्यापूर्वी त्या जमिनीवर मांडून पाहाव्यात आणि रचनेचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटीमीटरवर, म्हणजे नजरेच्या पातळीवर ठेवावा. माझ्या मते दोन-तीन रंगच पुरेत.

उत्तर ३: बाटल्यांना सुतळी गुंडाळल्यास आत मेणबत्ती लावू नये, एलईडीची माळ घालावी, कारण ती फारशी तापत नाही.